फालूनच्या खाणीचे 'सुदैव'

स्वीडनमधल्या फालूनच्या तांब्याच्या खाणीविषयी काहीही वाचायला घेतले, तरी २५ जून १६८७ची हकिकत हटकून येते. त्या दिवशी खाणीतल्या मोठ्या विवरांमधल्या भिंती आणि त्यांखालच्या पोकळ्या एकदम खचल्या, पण उन्हाळ्यातल्या मोठ्या सणाची सुट्टी असल्यामुळे खाली कोणी नव्हते आणि एकही माणूस दगावला नाही. हे सुदैव खरेच. मात्र खाण काही दैवामुळे कोसळली नव्हती, आणि ते सांगायची वेळ आली की लिहिणाऱ्यांचा आवाज बारीक होतो, हे मला खटकते.

खडकाला लागून लाकडे रचायची, जाळ करायचा आणि तापून तडकलेला दगड मग फोडून काढायचा, अशी तिथली रीत होती. खाणीचे हिस्सेदार अनेक, सगळ्यांची सांगड घालणारा आराखडा नाही, त्यामुळे छत पेलणारा खडकही पोखरला गेला आणि पोकळीखाली पोकळी होत गेली. आधी लहानमोठे भाग ढासळले होते, तरी काम आवरते घेणे कोणाला परवडणारे नव्हते. सतराव्या शतकात युरोपातले सुमारे दोन तृतीयांश तांबे इथून जात होते आणि स्वीडनच्या युद्धांचा खर्चही त्यावर भागत होता. १६४४ पासून तर तांब्याच्या जाड पत्र्यांचीच नाणी निघाली. त्यांतले दहा दालरचे एक नाणे जवळजवळ वीस किलोचे होते. (बाजाराला जाताना सोबत हमाल न्यावा लागत असणार!)

१६७७ साली मात्र सुट्टी आड आली नाही. मॅट्स इस्राएल्सन नावाचा तरुण खाणकामगार त्या वर्षी खाली गेला तो परतला नाही. १७१९ मध्ये त्याचा देह सापडला, तेव्हा हिराकस या लोहक्षाराच्या पाण्यामुळे तो इतका टिकून राहिला होता की त्याची एकेकाळची वाग्दत्त वधू मार्गारेटा हिने, आता म्हातारी झालेली असूनही, त्याला ओळखले. या प्रसंगावर युरोपातल्या लेखकांनी पुष्कळ लिहिले, आणि प्रेमकथा म्हणून ती हृदयद्रावक आहेच. पण त्या देहाचे पुढे काय झाले हे फारसे कोणी सांगत नाही. तो सुमारे तीस वर्षे लोकांना पाहायला ठेवला होता. १७४९ मध्ये पुरला, एकोणिसाव्या शतकात पुन्हा वर काढला, आणि कायमचा दफन झाला तो १९३० साली.

खाण १९९२ मध्ये बंद पडली आणि २००१ पासून ती जागतिक वारसा आहे. तो मान रास्तच आहे, फक्त तिथल्या कोसळण्याला अपघात म्हणणे मला पटत नाही.