फ्यूजला चंदेरी कागद गुंडाळायचा सल्ला पुढे पाठवू नका

गुरुवारी रात्री कऱ्हाडहून मामाचा फोन आला. "पार्किंगचे दिवे लावले की डिकीतून जळका वास येतोय गं." खोदून विचारल्यावर कळलं, त्याने फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळला होता. कारण एक मेसेज. 'गाडीचा लाइट लागत नाही? मिस्त्रीकडे पैसे घालवू नका' या मथळ्याखाली चार युक्त्या: उडालेल्या फ्यूजला चंदेरी कागद, हेडलाइटचा उजेड कमी वाटला तर १००/९० वॅटचे बल्ब, इंडिकेटर भराभर लुकलुकला तर नवा फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) आणि बल्ब बसतो त्या होल्डरला पॉलिश पेपर.

पहिली युक्ती गाडी पेटवू शकते, म्हणून तिच्याबद्दल आधी. मेसेज म्हणतो, फ्यूज 'जुना झाला की' उडतो. हिशोब करा. पुढचे-मागचे पार्किंगचे दिवे आणि नंबर प्लेटचा दिवा, ५ वॅटचे पाच बल्ब धरले तर २५ वॅट. १२ व्होल्टला हे जेमतेम २ अँपिअर. मीटरचे दिवे मिळवले तरी १० अँपिअरचा लाल फ्यूज आरामात टिकतो. तो पुन्हापुन्हा उडतोय म्हणजे कुठेतरी वायर पत्र्याला टेकून शॉर्ट झालाय. पात्यांच्या फ्यूजसाठी आयएसओ ८८२० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार ठरलेल्याच्या दुप्पट प्रवाह गेला तर फ्यूजने ५ सेकंदांच्या आत तुटलंच पाहिजे. चंदेरी कागदाला अशी कुठलीच मर्यादा नाही. मग फ्यूजऐवजी वायर तापते, तिचं आवरण वितळतं आणि शेजारच्या वायरी एकमेकींना चिकटतात. मामाला आलेला वास त्याचाच होता.

शॉर्ट शोधायचा तर फ्यूज काढून त्या जागी २१ वॅटचा बल्ब जोडा. शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो, पण प्रवाह २ अँपिअरच्या आतच राहतो. मग एकेक वायर हलवत जा. जिथे हात लागल्यावर बल्ब मंदावतो, तिथे बिघाड.

१००/९० चे बल्ब? मूळचा ६०/५५; पहिला आकडा हाय बीमचा, दुसरा डिपरचा, म्हणजे खाली पडणाऱ्या उजेडाचा. डिपरवर एका बल्बला साडेचारऐवजी साडेसात अँपिअर लागतात, आणि प्लास्टिकचे होल्डर वितळलेले मी पाहिलेत. उजेड कमी असेल तर दिवा चालू ठेवून आधी होल्डरवर व्होल्टेज मोजा. हॅलोजन बल्बला १० टक्के व्होल्टेज कमी मिळालं की उजेड जवळपास ३० टक्के घटतो.

इंडिकेटर एकाच बाजूला भराभर लुकलुकत असेल तर त्या बाजूचा बल्ब गेलाय. फ्लॅशर बदलून काही होणार नाही.

होल्डर घासायचं मात्र खरं आहे, हे मान्य करावं लागेल. पावसाळ्यात तिथे हिरवट गंज चढतो. पण ब्रेक दाबल्यावर इंडिकेटरही मिणमिणत असेल तर आधी अर्थ, म्हणजे प्रवाह गाडीच्या पत्र्यातून परत नेणारी जोडणी, तपासा. अर्थ तुटला की प्रवाह दुसऱ्या बल्बमधून परतीची वाट काढतो. मेसेजमध्ये अर्थचं नावसुद्धा नाही.

रविवारी कऱ्हाडला गेले. डिकीचं दार उघडमीट होऊन बिजागरीजवळच्या रबरी नळीत नंबर प्लेटच्या दिव्याची वायर कापली होती. दोन वायरी बदलल्या, नवा लाल फ्यूज बसवला. मामाने मेसेज ज्या गटात पाठवला होता, तिथेच आता त्या काळ्या पडलेल्या वायरींचा फोटो टाकलाय.