माळ सुधारू इच्छिणाऱ्यांस

तुमच्या गावाबाहेर माळ असेल. सोलापूर, अहिल्यानगर, पुणे, सातारा, सांगली यांपैकी कुठल्याही जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात राहत असाल तर असणारच. वर्षातले आठ महिने पिवळा, धड एक झाड नाही, सावली नाही, फोटो काढावा तर पाठीमागे नुसतं आभाळ. अशा जागेला सुधारावंसं वाटणं हे तुम्ही जबाबदार नागरिक असल्याचं लक्षण आहे. फक्त सुरुवात कुठून करायची ते माहीत हवं.

आधी भीती सोडा. कागद तुमच्या बाजूने आहे. ज्या जमिनीतून शेतसारा मिळत नाही ती पडीक, असा इंग्रज सरकारचा सरळ हिशेब होता. पुढे साहेब गेला, हिशेब राहिला. केंद्र सरकार आजही देशातल्या पडीक जमिनींचे नकाशे उपग्रहाच्या मदतीने छापतं आणि त्यात खुरट्या झुडपांच्या जमिनीला आणि ऱ्हास झालेल्या चराऊ कुरणांना स्वतंत्र रकाने असतात. तुमचा माळ त्यातल्या कुठल्या ना कुठल्या रकान्यात बसेलच.

मध्येच कोणी वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक उगवतील. ते सांगतील की इथे पाऊस पाच-साडेपाचशे मिलीमीटर, माती वीतभर, खाली मुरूम. इथलं जंगल तुटून माळ झालेला नाही, गवताचाच हा मुलूख आहे. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं आपला बराचसा कार्बन मुळांपाशी, जमिनीखाली साठवतात, वणवा लागला तरी तो तिथेच राहतो. प्राध्यापकांना चहा पाजा आणि स्टँडवर सोडून या. जमिनीखालच्या कार्बनसोबत मंत्र्यांचा फोटो काढता येत नाही.

मग झाडं लावा. राज्यातल्या वृक्षलागवडीचं उद्दिष्ट 2016 साली 2 कोटी होतं, पुढच्या वर्षी 4, मग 13 आणि 2019 साली 33 कोटी. एवढी झाडं लावायची कुठे? जिथे झाडं आहेत तिथे जागा नसते, त्यामुळे जिथे ती कधीच नव्हती तिथे लावावी लागतात. जात निवडताना ग्लिरिसिडियाला तोड नाही. मूळची मध्य अमेरिकेची, वाढायला उतावीळ, पाण्यावाचून अडत नाही, जनावरं सहसा तोंड लावत नाहीत. गावाकडे तिला उंदीरमारी म्हणतात, पण फलकावर गिरिपुष्प लिहा. लागवडीआधी जेसीबी लावून सलग समपातळी चर खणून घ्या, म्हणजे मुळांसकट गवताचाही प्रश्न मिटतो. काही वर्षांत माळ हिरवा होईल. त्या हिरव्यात काळवीट राहणार नाही, कारण त्याची सारी भिस्त लांबचं दिसण्यावर आणि सुसाट पळण्यावर. चंडोल आणि धाविक हे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. आता कावळ्याला वरून नजर ठेवायला फांदी मिळेल. अहवालात कावळ्याची नोंद ‘पक्षिवैविध्यात वाढ’ या सदराखाली करावी.

माळढोक पक्ष्याचं प्रकरण जरा नाजूक आहे, ते सावकाश हाताळा. जवळजवळ मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरतो, आणि मादी बहुधा वर्षाला एकच अंडं घालते, तेही जमिनीवर. उत्पादकता म्हणून काही असते की नाही? त्याच्यासाठी 1979 साली सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात अभयारण्य झालं, 8,496 चौरस किलोमीटरचं. कागदावर एवढं मोठं की त्यात शेतं, गावं, शहरंसुद्धा आली आणि जमिनीचा साधा व्यवहार करायचा तरी लोकांना परवानग्यांच्या मागे फिरावं लागलं. (लोकांचा राग खरा होता, यात उपरोध नाही. पक्ष्याला शेतकऱ्याचा शत्रू कसं करावं याचा हा नमुना पाठ समजा.) मग ते सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं. दरम्यान कालव्याचं पाणी आलं. जिरायत ज्वारीच्या रानात माळढोक टोळ टिपत, भुईमुगाच्या शेंगा खात हिंडायचा, तिथे ऊस आणि द्राक्षं उभी राहिली. उसात माळढोक हिंडत नाही. गेल्या काही वर्षांत नान्नजला दिसला तर एखादाच, आणि एकट्याने संसार होत नाही, एवढं जीवशास्त्र आपल्यालाही कळतं.

तरी कुठे एखादा उरलाच, तर विजेच्या तारा आहेत. या पक्ष्याचे डोळे बाजूला, समोरचं त्याला कमी दिसतं, आणि एवढं वजन घेऊन आयत्या वेळी वळता येत नाही. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान-गुजरातेतल्या माळढोकांच्या भागात तारा जमिनीखालून न्यायला सांगितल्या होत्या. 2024 साली तो आदेश सैल झाला, कारण सौरऊर्जाही पर्यावरणासाठीच असते. एका पर्यावरणासाठी दुसरं मारायचं असेल तर कोणाला काही बोलता येत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

पवनचक्क्यांबाबतही तेच. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात त्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी, आणि सरडे जास्त, तेही तुलनेने निर्धास्त, असं 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं. भूमिपूजनाच्या भाषणात ‘सरड्यांना अभय’ असा मुद्दा घालायला हरकत नाही.

लांडग्यासाठी वेगळा खर्च नको. हॉटेलांचं आणि पोल्ट्रीचं खरकटं माळाच्या कडेला टाकत राहा, कुत्री आपोआप जमतात. ती लांडग्याला रोग देतात आणि त्याच्याशी जुळतातही. पुण्याजवळच्या माळावर असा संकर जनुकीय चाचणीतून सिद्ध झालेला आहे. पुढच्या पिढीला लांडगा दाखवायचा झाला तर गल्लीतच दाखवता येईल.

राहता राहिले धनगर. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं घेऊन ते याच गवतावर हिंडतात, लांडग्याने एखादं कोकरू नेलं तर पुष्कळदा चालायचंच म्हणतात, त्यामुळे त्यांचा सल्ला घेऊ नये. लागवडीला तारेचं कुंपण घाला आणि चराईबंदीची पाटी लावा. नंतर तिथेच प्लॉट पाडायचे झाले तर कुंपण आयतं कामाला येतं. प्रकल्पाला नाव मात्र ‘माळरान व्हॅली’, ‘ग्रासलँड ग्रीन्स’ असं काहीतरी द्या. गवत गेल्यावर त्याला फार चांगला भाव येतो.

शेवटी फाट्यावर माळढोकाचा सिमेंटचा पुतळा बसवा. सहा फुटी करा, खऱ्या मापाचा लोकांना दिसत नाही. मान वर, छाती पुढे, रात्री हिरवे दिवे. नर करायचा की मादी यावर ग्रामसभेत वाद झालाच तर मोर करा. तो राष्ट्रीय पक्षी आहे, मूर्तिकाराकडे साचा तयार असतो आणि स्वस्तात पडतो.