जादा दिव्यांना रिले लागत नाही, हा समज चुकीचा

ऊस वाहतूक सुरू झाली, की बीड-जालन्याकडच्या जीपवाल्यांमध्ये एक सल्ला फिरू लागतो: बंपरवरचे जादा दिवे हेडलाइटच्या वायरीलाच जोडावेत, फ्यूज उडाला तर मोठा टाकावा, रिले (छोट्या प्रवाहाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) हा मेकॅनिकने लावलेला फुकटचा खर्च आहे. यातील एकही भाग बरोबर नाही.

५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतात, आणि अपरवर (लांबच्या झोतावर) ६० वॅटचे दोन मूळ बल्ब आधीच १० अँपिअर घेत असल्याने जवळपास दुप्पट भार त्याच बारीक वायरीवर व स्विचवर येतो. जळका वास येतो, कनेक्टरचे पांढरे प्लास्टिक पिवळट पडते, मग पिन सैल होऊन दिवे लुकलुकू लागतात. मोठा फ्यूज टाकलेला असेल तर तो शाबूत राहतो आणि वायर वितळते, कारण फ्यूज दिव्यासाठी नसून वायरीच्या रक्षणासाठी असतो.

योग्य जोडणीत बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज, तिथून २.५ चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनला आणि ८७ वरून दिव्यांना जाते. अपरच्या वायरीतून स्विचमार्गे ८६ ला केवळ इशारा मिळतो, तोही अर्ध्या अँपिअरहून कमी. ८५ ला अर्थिंग द्यावे, म्हणजे ती पिन गाडीच्या पत्र्याला जोडावी, मात्र रंग खरवडलेल्या जागी. काही जपानी गाड्यांत हेडलाइटची धनऐवजी ऋण बाजू स्विचने चालू-बंद होते, तिथे ही इशाऱ्याची जोडणी बदलते. म्हणून आधी टेस्ट लॅम्प (वायरीत वीज आहे का ते दाखवणारा छोटा दिवा) लावून पाहावा.

एलईडी दिवे कमी प्रवाह घेतात हे खरे, पण लांब लाइट बारचा भार हॅलोजनइतकाच असू शकतो.