बरणीतल्या पाण्यात विष नव्हते

माझा भाचा या वर्षी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनिआपोलिसला शिकायला गेला आहे. गेल्या आठवड्यात नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक लांबलचक मजकूर फिरत फिरत आला आणि तो वाचून माझ्या आईने त्याला लगेच फोन लावला, "बाळा, तिथे कोणी दिलेले पाणी पिऊ नकोस." मजकुराचा आशय असा : 1903 साली मिनेसोटा विद्यापीठाच्या लोकांनी पाहुण्या मिशिगन संघाच्या पाण्यात विष कालवले, त्यामुळे मिशिगन अमेरिकन फुटबॉलचा सामना हरले, मग त्यांची पाण्याची बरणीही चोरली गेली, मिशिगनचे प्रशिक्षक फील्डिंग योस्ट यांनी पत्र लिहून ती परत मागितली, तेव्हा 'जिंकून न्या' असे उत्तर मिळाले, आणि तेव्हापासून हे दोन संघ त्या बरणीसाठी, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या करंडकासाठी, दरवर्षी लढतात. म्हाताऱ्या माणसाची झोप उडवणारे हे लिखाण पुढे ढकलताना कोणीही क्षणभर थांबले नाही, याचा मला मनापासून राग आला आहे.

सर्वांत आधी विषाचे. योस्ट यांना यजमानांच्या पाण्याविषयी शंका होती आणि म्हणून त्यांनी संघाचे व्यवस्थापन पाहणाऱ्या टॉमस रॉबर्ट्स या विद्यार्थ्याला पाण्यासाठी वेगळे भांडे आणायला पाठवले, असे परंपरेने सांगितले जाते. रॉबर्ट्सने गावातल्याच एका दुकानातून 30 सेंटना 5 गॅलनची, म्हणजे सुमारे 19 लिटर पाणी मावेल अशी बरणी विकत घेतली. ज्या बरणीचा हा सगळा इतिहास, ती मुळात खबरदारी म्हणून आणलेली. तिच्यातले पाणी मिशिगनचे स्वतःचे. शंका घेणे वेगळे आणि विष सापडणे वेगळे, एवढा फरक तरी लिहिणाऱ्याने ठेवायला हवा होता. शिवाय विषबाधा झालेला संघ पुढच्याच शनिवारी ओहायो स्टेटला 36–0 असे कसे हरवतो? मिशिगनने तो सामना तसा जिंकला आणि त्या हंगामातला एकही सामना तो संघ हरला नाही. एका शहरातल्या माणसांवर पाण्यात विष कालवल्याचा आळ घेणे ही साधी चूक नव्हे. असा आळ एकदा तोंडातून गेला की तो पुसायला पिढ्या लागतात.

'मिशिगन हरले' हेही खोटे आहे. 31 ऑक्टोबर 1903 चा तो सामना 6–6 असा बरोबरीत सुटला. मिशिगन ओळीने सामने जिंकत आले होते, त्यामुळे शेवटी शेवटी मिनेसोटाने बरोबरी साधताच प्रेक्षक मैदानात घुसले आणि दोन मिनिटे शिल्लक असतानाच खेळ थांबवावा लागला. हा गैरसमज कशातून झाला असावा, हे मात्र मला दिसते. मिनेसोटाच्या लोकांनी नंतर बरणीवर निकाल रंगवला, तेव्हा स्वतःचा 6 भला मोठा काढला आणि मिशिगनचा 6 त्याच्यापुढे अगदी बारीक. आकडे मात्र सारखेच आहेत.

चोरीच्या आरोपात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. मिनेसोटाचा कर्मचारी ऑस्कर मन्सन याला दुसऱ्या दिवशी ती बरणी मिळाली, त्याने ती क्रीडा विभागप्रमुख एल. जे. कुक यांच्याकडे नेली आणि तिच्यावर 'ऑस्करने पकडली' अशा अर्थाचे शब्द लिहिले गेले. पकडल्याची फुशारकी त्यांचीच, तेव्हा चोरीचा संशय येणारच. पण बरणी विकत घेणाऱ्या रॉबर्ट्सनेच 1956 साली लिहून ठेवले आहे की, बरणीचे काम झाले होते, म्हणून आम्ही ती मुद्दाम मैदानावर सोडून आलो. ही आठवण 53 वर्षांनंतरची आहे, हे खरे. तरीही ज्याने पैसे मोजले त्याचा शब्द फिरत्या मजकुरापेक्षा मला अधिक वजनाचा वाटतो. हेतुपुरस्सर टाकून दिलेली वस्तू परत मागण्यासाठी पत्र का लिहावे, हा प्रश्नही त्यातूनच उभा राहतो. बरणीसाठी खेळले तर दोन्ही विद्यापीठांत चांगली परंपरा रुजेल, हा विचार कुक आणि मिनेसोटाचा कर्णधार जॉनी मॅकगव्हर्न यांनी 1909 साली केला.

'सर्वांत जुना करंडक' हे विधानही सैल आहे. अ‍ॅरिझोनातल्या दोन विद्यापीठांच्या फुटबॉल सामन्याचा टेरिटोरियल कप हा करंडक 1899 चा आहे. जिंकेल त्या संघाकडे नियमितपणे जाणाऱ्या करंडकांपुरते बोलायचे, तर बरणीला तो मान देता येईल.

राहिले 'दरवर्षी'. 1903 नंतर हे संघ थेट 1909 मध्ये भेटले आणि मिशिगनने 15–6 असे जिंकून बरणी घरी नेली. 1910 मध्येही मिशिगनच जिंकले. त्यानंतरची गाठ पडली 1919 मध्ये, आणि मिनेसोटाने 34–7 असा विजय मिळवला तेव्हा सापडलेली नव्हे, तर खेळून जिंकलेली बरणी पहिल्यांदा त्यांच्या हाती आली.