एका व्यक्तीसाठी, अटी लागू

परवा रात्री माझ्या पार्लरला पाचपैकी एक तारा मिळाला आणि त्याखाली कारणही नीट लिहिलेले होते: ‘काम चांगले, परंतु सोबतच्या ज्येष्ठ व्यक्तीस साधा चहासुद्धा विचारला नाही.’ ही ज्येष्ठ व्यक्ती माझ्या चांगलीच लक्षात आहे. तिच्या दोन्ही पायांचे पेडिक्युअर माझ्या पदरच्या पैशांनी झाले आहे, आणि ते चालू असताना तिने माझ्याकडे कामाला असलेल्या मुलीला, माझ्यादेखत, तिचा पगार विचारला आहे. चहा विचारण्याची माझी इच्छा साधारण त्याच सुमारास मावळली असावी.

पार्लर पुण्यातल्या कर्वेनगरात, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर आहे. दोन खुर्च्या, फेशियलचा एक पलंग, मदतीला दोन मुली आणि खाली दळण सुरू झाले की हलकेच थरथरणारा आरसा, एवढाच पसारा. आषाढात लग्नसराई आटोपलेली असते, गौरी-गणपती लांब असतात. अशा रिकाम्या दिवसांत सवलतीची व्हाउचर विकणाऱ्या एका संकेतस्थळाचा तरुण प्रतिनिधी टॅब घेऊन जिना चढून वर आला. फेशियल, हेअर स्पा, हेअरकट, मॅनिक्युअर आणि पेडिक्युअर यांचे माझ्या दरपत्रकाप्रमाणे दोन हजार चारशे रुपये होतात. ते सगळे त्याने ५९९ रुपयांत बसवले. त्यातला चौथा हिस्सा संकेतस्थळाचा, म्हणजे माझ्या हाती साडेचारशेच्याही आत. क्रीम, पॅक आणि एकदा वापरून टाकायच्या चादरी यांनाच दोनशेच्या वर जातात, आणि त्यावर गिझर, टॉवेलांची धुलाई, पगार, भाडे आणि अडीच तास अडून राहिलेली खुर्ची. हे सगळे मी त्याच्यासमोर कागदावर मांडले. त्याने तो कागद आदराने बाजूला सारला. “मॅडम, याच्याकडे खर्च म्हणून बघूच नका, जाहिरात म्हणून बघा. एकदा आलेलं गिऱ्हाईक तुमचंच.”

एकदा आलेले गिऱ्हाईक गुरुवारी आले. व्हाउचरची वेळ सोमवार ते गुरुवार, अकरा ते चार अशी आहे आणि घड्याळात चार वाजायला पाच मिनिटे कमी होती. तिच्या मागे सासूबाई होत्या आणि सासूबाईंच्या मागे दहा-अकरा वर्षांची मुलगी होती.

“हे बघा ताई, फेशियल माझं करा, पेडिक्युअर आईंचं करा आणि केस हिचे कापा,” अशी वाटणी तिने पायांतल्या चपला काढायच्या आधीच जाहीर केली.

“अहो, व्हाउचर एका व्यक्तीसाठी आहे.”

“मग आम्ही कुठे एकदम बसतोय? एका वेळी एकच व्यक्ती बसेल.”

या युक्तिवादात खोट नेमकी कुठे आहे हे शोधायला मला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात सासूबाई सोफ्यावर स्थानापन्न होऊन, साडी पोटरीपर्यंत वर घेऊन, पाय पुढे करून तयारही झाल्या होत्या. “आमचं रेशनकार्डसुद्धा एकच आहे हो,” त्यांनी समजुतीच्या स्वरात सांगितले. मी ॲप उघडून अटी पुन्हा वाचल्या. त्यांत गर्भवती महिलांविषयी होते, त्वचेच्या ॲलर्जीविषयी होते, सणासुदीच्या दिवसांविषयी होते. रेशनकार्डाविषयी काहीही नव्हते.

“कोड द्या ना,” मी म्हणाले. कोड ॲपमध्ये भरल्याशिवाय मला पैसे मिळत नाहीत, म्हणून तो आधी घ्यायचा असतो. “शेवटी देते, इथे रेंज नाहीये,” ती म्हणाली. त्या वेळी तिच्याच फोनवर तिची मुलगी, कुठेही न अडखळता, कार्टून पाहत होती.

यानंतर मॅनिक्युअरचा प्रश्न निघाला. तिघींपैकी कोणालाच ते नको होते.

“मग त्याचे पैसे वजा करा.”

“वजा कसे करणार? ते पॅकेजमध्येच धरलेलं आहे.”

“तुमच्या बोर्डावर मॅनिक्युअर चारशे लिहिलंय की. चारशे रोख परत द्या, नाहीतर त्यात माझे आयब्रो, अप्पर लिप्स आणि हातांचं वॅक्सिंग बसवा.”

म्हणजे घेताना व्हाउचरचा भाव आणि परत करताना बोर्डावरचा भाव. संपूर्ण पॅकेजचे ५९९ दिलेल्या बाईने एका मॅनिक्युअरपोटी चारशे परत मागावेत आणि मागताना आवाजही चढू नये, हे पाहून मला वाटले की या बँकेत असाव्यात. तसे नव्हते. त्या एका शाळेत आठवी-नववीला गणित शिकवतात, असे सासूबाईंनी अभिमानाने सांगितले. चारशे रुपये मी दिले नाहीत. आयब्रो मात्र करून दिले, कारण ही माणसे घरी जाऊन तारे वाटतात. त्या ताऱ्यांचे काय झाले ते वर आलेच आहे.

सासूबाईंचे पाय टबात गेले तेव्हा पाणी प्रथम कढत होते, मग कोमट झाले आणि मग, त्यांच्या मते, बर्फासारखे झाले. पाच-पाच मिनिटांनी गिझर. शाम्पूचा फेस कशाला, मीठ कशाला, हे सगळे विचारून झाल्यावर माझ्याकडच्या मुलीने टाचा घासायचा दगड हातात घेतला, तशा त्या पुढे वाकल्या.

“ही तर वज्री!”

“हो आजी, वज्रीच.”

“वज्रीचे सहाशे रुपये घेता?”

मुलीने माझ्याकडे पाहिले. मी आरशाकडे पाहिले. वज्रीच्या वाट्याला त्या सहाशेतले नेमके किती येतात, हे मी मनात काढून पाहिले आणि तो आकडा सासूबाईंना सांगायची सोय नव्हती, कारण तेवढ्यात तर त्यांच्या घरची वज्रीसुद्धा आली नसती.

पुढची चौकशी रीतसर झाली. गाव कोणते? भोरजवळ. आडनाव काय? भाऊ किती? लग्नाचे बघताहेत का? कोणाकडे राहतेस? आणि मग, टाच मुलीच्या हातात असताना: “किती देतात गं तुला इथे?” मुलीने आकडा सांगितला. तो लपवण्यासारखा नाही आणि मिरवण्यासारखाही नाही. सासूबाई माझ्याकडे वळल्या. “एवढ्यात कसं भागतं हो हिचं?”

आता इथे मला हसू आले असते तर बरे झाले असते. पण ५९९ रुपयांत तीन पिढ्या आणून बसवणाऱ्या, त्यातलेही चारशे परत मागणाऱ्या कुटुंबाने माझ्या मुलींच्या पगाराची काळजी करावी, हे मला अजून पचलेले नाही. पूर्ण दराच्या कामावर मुलींना पगाराखेरीज टक्केवारी मिळते. व्हाउचरच्या कामावर मिळत नाही, कारण टक्के काढायला खाली काही उरतच नाही. ती मुलगी त्या दिवशी अडीच तास वाकून होती. त्या तिघींनी जाताना तिला दहाची नोटसुद्धा ठेवली नाही, आणि तिचा पगार कमी असल्याचे पापही माझ्याच खात्यावर.

या सगळ्या प्रकाराचे मूळ कुठे आहे हे मी रागाने शोधून काढले. ग्रुपॉन ही कंपनी २००८ साली शिकागोत सुरू झाली आणि तिचे पहिले व्हाउचर तिच्याच इमारतीतल्या बारमधल्या पिझ्झाचे होते: एकाच्या किमतीत दोन. पुढे २०११ साली इंग्लंडमध्ये रेडिंगजवळच्या एका लहान बेकरीने ग्रुपॉनवर डझनभर कपकेक २६ पौंडांऐवजी साडेसहा पौंडांना देऊ केले, तेव्हा साडेआठ हजार लोकांनी ते विकत घेतले आणि बिचारीला १,०२,००० कपकेक भाजावे लागले. बाहेरून माणसे आणावी लागली, डझनामागे तोटा सोसावा लागला. आपल्याकडे २०१३ साली, कांदा डोळ्यांत पाणी आणत होता तेव्हा, याच कंपनीच्या भारतीय शाखेने तो नऊ रुपये किलोने विकायला काढला आणि गर्दीने तिचे संकेतस्थळ कोलमडले. दोनच वर्षांनी त्या शाखेचे नावही बदलले. २०१० मध्ये कुपने विकत सुरू झालेल्या स्नॅपडीलनेही लवकरच कुपने सोडून वस्तू विकायला घेतल्या. ज्यांना या धंद्यातले कळते ते त्यातून वेळीच बाहेर पडले आणि ज्यांना कळत नाही त्यांच्या जिन्यावर टॅब घेतलेली मुले चढू लागली, असा माझा या इतिहासाचा अर्थ आहे.

हॉटेलवाल्यांनी निदान आवाज तरी उठवला. झोमॅटो ॲपच्या ‘गोल्ड’ सदस्यत्वासारख्या सवलतींना कंटाळून २०१९च्या ऑगस्टमध्ये देशभरातली शेकडो उपाहारगृहे त्या योजनांमधून एकदम बाहेर पडली आणि कंपन्यांना नियम बदलावे लागले. त्यांच्यामागे संघटना होती. आमच्या रस्त्यावरच्या पार्लरवाल्या मात्र एकमेकींना फक्त भिशीत भेटतात, आणि तिथे दरांचा विषय निघाला की प्रत्येकीला अचानक घरी दूध तापत ठेवल्याचे आठवते.

विशेष म्हणजे शास्त्र माझ्या विरुद्ध आहे. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातील उत्पल ढोलकिया यांनी २०१० साली अशी व्हाउचर देणाऱ्या १५० व्यवसायांची पाहणी केली. त्यात ६६ टक्क्यांना फायदा झाला होता, ३२ टक्क्यांना झाला नव्हता, आणि सेवा देणाऱ्या व्यवसायांत सर्वांत यशस्वी कोण, तर सलून आणि स्पा! उपाहारगृहांची स्थिती सर्वांत वाईट होती. फायदा होणार की नाही हे प्रामुख्याने एका गोष्टीवर ठरते असेही त्यांना आढळले, ती म्हणजे काम करणारी माणसे या प्रकारावर खूश आहेत का. भोरच्या मुलीला मी हे विचारलेले नाही. सासूबाईंनी आधीच बरेच विचारून ठेवले आहे.

खरी गोम मात्र वेगळीच आहे आणि ती त्या गुरुवारी दुसऱ्या खुर्चीत बसलेली होती. पोस्टात काम करणाऱ्या एक बाई माझ्याकडे कित्येक वर्षे येतात, कधी घासाघीस करत नाहीत आणि सुट्टे पैसेही घेऊन येतात. त्यांचे आयब्रो चालू होते. थ्रेडिंगच्या वेळी गिऱ्हाइकाने डोळे मिटून, दोन्ही हातांनी पापणी आणि कपाळ ताणून धरायचे असते, त्यामुळे बोलता येत नाही. ऐकू मात्र सगळे येते. दोरा थांबताच त्यांनी डोळे उघडले आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, “पाचशे नव्व्याण्णवला सगळंच? मागच्या महिन्यात मी नुसत्या फेशियलचे नऊशे दिले.”

यावर काय उत्तर द्यायचे? ‘ही सवलत नव्या गिऱ्हाइकांसाठी आहे’ असे सांगायचे, म्हणजे इतकी वर्षे येण्याचा दंड तीनशे रुपये, असेच सांगायचे. त्यांनी भांडण केले नाही. पुढच्या वेळी त्या व्हाउचर घेऊन आल्या, कोड न मागता दिला आणि मला मान वर करवेना. ॲपमध्ये नवे-जुने ओळखायची सोय नाही, त्यामुळे महिनाअखेरच्या तक्त्यात त्या ‘संकेतस्थळामुळे मिळालेले गिऱ्हाईक’ म्हणून आल्या. माझ्याच बाईंची माझ्याशी ओळख करून दिल्याबद्दल दीडशे रुपये कापले गेले. आणि जी खरोखरची नवी आली, ती वाघोलीहून, खराडीहून, भोसरीहून आली. सगळे शहर ओलांडून पुन्हा पूर्ण दराने त्या कशाला येतील? त्यांच्या घराजवळच्या पार्लरवाल्यालाही कोणीतरी कागद बाजूला सारून जाहिरात म्हणजे काय ते समजावत असणारच.

गणिताच्या बाईंचा कोड शेवटी मिळाला. त्याची मुदत आदल्या दिवशी संपलेली होती. “मग आम्ही काय करणार? काम तर झालंय,” त्या म्हणाल्या, आणि हे त्यांचे त्या दिवसातले एकमेव निर्विवाद विधान होते.

काल तो प्रतिनिधी पुन्हा आला. तक्रार त्याने पूर्ण ऐकून घेतली, टॅबवर काहीतरी टिपले आणि त्याचा चेहरा उजळला. “मॅडम, हा तर डिमांड आहे! आपण दिवाळीला सासू-सून कॉम्बो काढू. दोघींचं मिळून सातशे नव्व्याण्णव.”

“आणि नातीचे केस?”

“ते कॉम्प्लिमेंटरी ठेवू. छान दिसतं.”

सवलत माझ्या खिशातून, पैसे पंधरा दिवसांनी, हिस्सा आता तीस टक्के, कारण सणासुदीत ॲपच्या यादीत वरची जागा मिळते. मी नाही म्हणायला तोंड उघडले, तेव्हा तो खिडकीपाशी गेला आणि रस्त्यापलीकडच्या, नुकत्याच काच बसवलेल्या, वातानुकूलित पार्लरकडे त्याने सहज पाहिले. आपल्या विभागात वरची जागा एकच असते, शुक्रवारपर्यंत माझा निरोप आला नाही तर तो समोर विचारणार आहे, आणि समोरच्या मॅडमनी त्याला कालच चहा पाजला आहे, असे त्याने जाता जाता सांगितले.