उबुंटूवर माया उघडतं, पण टिकतं का?

नमस्कार दादा,

माया या थ्रीडी अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरसाठी उबुंटूऐवजी रॉकी घ्या (दोन्ही लिनक्स सिस्टीमच), असं मी लेखात सुचवलं होतं. त्यावर ‘रॉकी लिनक्सचा हट्ट धरून तुम्ही नव्या पोट्ट्यांना घाबरवता. मी एलियन वापरून उबुंटूवर माया टाकलं, अर्ध्या तासात सुरू झालं,’ असं तुम्ही लिहिलंत. ते सुरू झालं असणारच. माझ्याकडेही झालं होतं.

एलियन हे साधन आरपीएमचं (रॉकीसारख्या सिस्टीमच्या पॅकेजचं) डेब (उबुंटूचं पॅकेज) करून देतं, पण मूळ पॅकेजला कोणत्या लायब्ररी (प्रोग्रॅम वापरतो त्या तयार कोडच्या फायली) लागतात ती यादी त्यात येत नाही. त्यामुळे एपीटी (उबुंटूवर पॅकेज बसवणारं साधन) काही न विचारता ते बसवून टाकतं आणि काय काय कमी आहे ते माया उघडतानाच कळतं. मग एलडीडी ही लागणाऱ्या लायब्ररी दाखवणारी आज्ञा चालवून ‘नॉट फाउंड’च्या ओळी शोधायच्या आणि नव्या लायब्ररीला जुन्या नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाईलकडे नेणारं नुसतं नाव) द्यायची, असा सल्ला सगळीकडे मिळतो. मला भीती वाटते ती याच पायरीची. नाव जुळलं तरी आतली फंक्शन्स जुळतीलच असं नाही. मॉडेलिंग छान होतं, दोन दिवस काही जाणवतही नाही. मे महिन्यात दिवसा कूलरसमोरही मशीन तापायची, म्हणून धरमपेठेतल्या रूमवर मी रात्री रेंडर (दृश्याच्या अंतिम फ्रेम काढण्याचं काम) लावून झोपलो. सकाळी पाहतो तर सतराव्या फ्रेमवर सगळं बंद. त्याच दुपारी काम द्यायचं होतं. ते हातचं गेलं. अशीच सिमलिंक मी दिली होती.

रॉकी सुचवण्याचं कारण साधं आहे. ऑटोडेस्क मायाला रेड हॅट आणि रॉकीवर अधिकृत आधार देते, उबुंटूवर नाही. कोणत्या लायब्ररीची कोणती आवृत्ती वापरावी हे सुचवणाऱ्या व्हीएफएक्स रेफरन्स प्लॅटफॉर्मच्या २०२३ च्या यादीत जीलिबसी (लिनक्सची पायाभूत लायब्ररी) २.२८ आहे, आणि रॉकी ८ मध्ये नेमकी तीच मिळते.

तुमचा एक मुद्दा मात्र पूर्ण पटला: ज्याच्याकडे एकच लॅपटॉप आहे, त्याने अख्खी सिस्टीम का बदलावी? लेखात हे सुटलं, चूक माझी. त्याने उबुंटू ठेवावं, डिस्ट्रोबॉक्स या साधनाने रॉकीचा कंटेनर (उबुंटूच्या आतच चालणारी वेगळी रॉकी) करावा आणि माया त्यात टाकावं. ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं असेल तर आधी मूळ सिस्टीमवर कंपनीचाच ड्रायव्हर हवा. हूदिनी हे दुसरं थ्रीडी सॉफ्टवेअर शिकायचं असेल तर ही खटपटच नको; ते उबुंटूवर सरळ बसतं आणि शिकण्यासाठीची अप्रेंटिस आवृत्ती फुकट आहे.

तुमच्या मशीनवर एकदा रात्रभराचा रेंडर लावून बघा. पूर्ण झाला, तर कोणत्या लायब्ररी कुठून घेतल्या ते कळवा. ती यादी मी लेखात तुमच्या श्रेयासह जोडतो.