कन्सोलच्या स्टॅंडबायबद्दल फिरणारा तो मेसेज, एकेक मुद्दा घेऊन

एक मेसेज धडाधड फॉरवर्ड होतोय. त्यात म्हटलंय की गेमिंग कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन) स्टॅंडबायला, म्हणजे वापरात नसताना पूर्ण बंद न होता पडून असताना, नगण्य वीज घेतो, तरी सरकारं नियम लादून कन्सोल स्लो करतायत, एनर्जी सेव्हिंग मोड लावला की अपडेट होत नाहीत आणि चालू गेम जातो, आणि आज स्टॅंडबायवर आलेत तर उद्या गेमिंगवरच येतील. चारही गोष्टी चुकीच्या आहेत आणि लोक खऱ्या मानून सेटिंग्ज बदलतायत, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी ते नगण्यचं बघू. मायक्रोसॉफ्टचा कन्सोल एक्सबॉक्स सीरीज एक्स स्लीप मोडमध्ये, म्हणजे पूर्वी ज्याला इन्स्टंट ऑन म्हणायचे त्यात, साधारण १० ते १५ वॅट घेतो. आता गेम चालू असताना दीडशे-दोनशे वॅट जातात त्यापुढे हे काहीच नाही असं वाटतं, पण तास कोण मोजणार? समजा कोणी रोज २ तास खेळतो आणि गेमला सरासरी १५० वॅट लागतात, तर झाले ३०० वॅट-तास. उरलेले २२ तास कन्सोल १३ वॅटवर पडून आहे, त्याचे झाले २८६. म्हणजे खेळायला जेवढी वीज लागली जवळपास तेवढीच नुसतं पडून राहायला गेली! वर्षाचे साधारण १०४ युनिट. तोच कन्सोल शटडाउन मोडमध्ये (मेसेजमधला एनर्जी सेव्हिंग मोड तो हाच) अर्ध्या वॅटच्या आसपास असतो, वर्षाला ४ युनिट. जो दिवसाला सहा-सात तास खेळतो त्याचं गणित वेगळं येईल हे मान्य, पण जो फक्त शनिवार-रविवारी कंट्रोलर हातात घेतो त्याची तर बहुतेक वीज स्टॅंडबायमध्येच जाते.

आणि स्टॅंडबायला एवढी वीज लागतेच असंही नाहीये. २०१९ मध्ये, सोनीचा कन्सोल पीएस५ बाजारात यायच्या आधीच, सोनीच्या प्लेस्टेशन विभागाचे तेव्हाचे प्रमुख जिम रायन यांनी सांगितलं होतं की गेम सस्पेंड करून ठेवायला साधारण ०.५ वॅट पुरू शकतील. आकडा वाढतो तो रेस्ट मोडमध्ये (पीएस५ चा स्टॅंडबाय) यूएसबीला पॉवर चालू ठेवणं, नेटवरून कन्सोल जागा करता येणं असली फीचर्स ऑन ठेवल्यामुळे.

आता नियमांमुळे कन्सोल स्लो झाले, हे. कुठला नियम ते मेसेजमध्ये लिहिलेलंच नाही. युरोपात सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो या तिघांनी स्वतःहून एक करार केला, युरोपियन कमिशनने तो २०१५ मध्ये मान्य केला. त्यात मर्यादा आहे ती होम स्क्रीनवर आणि व्हिडिओ बघताना किती वॅट जावेत यावर, शिवाय कोणी हात लावला नाही तर तासाभराने कन्सोल आपोआप बंद व्हावा (व्हिडिओला ४ तास) अशी अट. प्रत्यक्ष गेम चालू असताना किती वॅट घ्यायचे यावर काही कॅप नाही, मग फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो वेग) कुठून कमी होणार? असाच गोंधळ २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात झाला होता, डेलने आपल्या एलियनवेअर ब्रँडचे काही गेमिंग पीसी तिथे पाठवणं थांबवलं आणि गेमिंग पीसीवर बंदी आली अशी बोंब उठली. ज्या नियमामुळे हे झालं तो पीसी आयडल (चालू पण काही काम न करता), स्लीप आणि ऑफ असताना वर्षाला किती वीज खातो त्याबद्दल होता, गेम खेळताना किती लागते त्याबद्दल नव्हता.

अपडेट आणि चालू गेमचा मुद्दा झटपट संपतो. सीरीज एक्स आणि एसवर २०२२ पासून सिस्टीम अपडेट एनर्जी सेव्हिंग मोडमध्येही डाउनलोड होतात. त्यांचं क्विक रिझ्युम हे फीचर गेमची स्थिती एसएसडीवर (आतल्या स्टोरेजवर) लिहून ठेवतं, त्यामुळे शटडाउननंतरही बहुतेक गेम जिथे सोडले तिथूनच सुरू होतात. जुन्या एक्सबॉक्स वनवर मात्र क्विक रिझ्युम नाही, आणि त्याला सुरू व्हायलाही वेळ जास्त लागतो. सीरीज एक्स आणि एसवरही एक गोष्ट खरंच जाते, बाहेरून फोनवरून कन्सोल चालू करता येत नाही. ज्याला रिमोट प्ले (लांबून फोनवर कन्सोलचे गेम खेळणं) रोज लागतं त्याने स्लीप ठेवावा, त्यात काही गैर नाही.

राहिलं ते "उद्या गेमिंगवर येतील". २०२३ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्सची डीफॉल्ट (आधीपासून लावलेली) पॉवर सेटिंग स्लीपऐवजी शटडाउन केली तेव्हा अमेरिकेत सिनेटर टेड क्रूझ यांनीसुद्धा, आता हे तुमच्या एक्सबॉक्सच्या मागे लागलेत अशा अर्थाचं ट्वीट केलं होतं. पण तो कुठल्या सरकारचा हुकूम नव्हता, कंपनीने आपल्याच मशीनची डीफॉल्ट सेटिंग बदलली आणि ती परत स्लीपवर करायचा ऑप्शन तसाच ठेवला. माझ्या मते खरा फरक या डीफॉल्टनेच पडतो कारण बहुतेक लोक बॉक्समधून काढल्यावर पॉवरच्या मेनूत कधी जातच नाहीत, आणि लाखो घरांत प्रत्येकी शंभर युनिट म्हणजे किती वीज होते याचा हिशोब तो मेसेज लिहिणाऱ्याने एकदा तरी करायला हवा होता.

तुम्हाला बघायचं असेल तर एक्सबॉक्सवर सेटिंग्ज, जनरल, पॉवर ऑप्शन्स. पीएस५ वर सेटिंग्ज, सिस्टीम, पॉवर सेव्हिंग, आणि तिथे रेस्ट मोडमध्ये काय काय चालू ठेवायचं त्याची यादी असते, नको ते बंद करा. रोज रात्री प्लग काढायची गरज नाही, आणि पीएस५ रेस्ट मोडमध्ये असताना तर प्लग अजिबात ओढू नका, पुढच्या वेळी नीट बंद केला नव्हता म्हणून स्टोरेज तपासत बसतो आणि सेव्ह न केलेला गेम खरोखर जातो.